टेसला दिलेला चांगला शेरा

चांगला शेरा मिळाला म्हणून कुणाची नोकरी गेल्याचं ऐकलंय का तुम्ही? टेसची गेली. टेस म्हणजे वॉलॉंगॉंगला आमच्या युनिव्हर्सिटीतल्या मुलींच्या फुटबॉल टीमची ट्रेनर. मुलींची ताकद वाढवणं, त्यांना फिट ठेवणं हे तिचं काम. मी फिजिओ, म्हणून क्लबने मला तिचं ट्रेनिंग तपासायला सांगितलं. सीझनभर बघितलं, सगळं चोख. मीटिंगमध्ये म्हटलं, "इतकं छान काम मी पाहिलेलं नाही. एकही मुलगी जायबंदी नाही."

क्लबचा प्रेसिडेंट खूश. "ब्रिलियंट! मग आता मुली व्यायाम आपला आपण करतील की. ट्रेनर कशाला?"

"अरे, ती आहे म्हणून कुणाला काही होत नाही!"

"नो वरीज," म्हणाला, आणि पुढच्या सीझनला टेस नव्हती.

मुलींनी थोडे दिवस व्यायाम केला, मग तो सुटला. एका मॅचमध्ये कॅप्टन माया बॉल घेऊन वळली आणि खालीच बसली. कुणाचा धक्कासुद्धा लागला नव्हता. गुडघ्यातलं लिगामेंट तुटलं होतं. ऑपरेशननंतर भेटायला गेलो, तर म्हणाली, "टेसला परत आणशील?"

प्रेसिडेंटही नरमला होता. मी टेसला फोन लावला. ती तोवर दूरच्या टूवूंबा शहरातल्या एका टीमकडे गेली होती. मायाचं ऐकून रडलीच.

म्हटलं, "परत ये ना. आता सगळे तयार आहेत."

ती म्हणाली, "इथल्या मुलींना कुणाच्या भरवशावर सोडू?"