टोपलीखालचा ठसा

एकट्याने डोंगर फिरायची माझी खुमखुमी कुठे जिरली, सांगतो. डोळखांबच्या पुढे, शेवटच्या पाड्यावर एका म्हाताऱ्याने मला अडवलं.

"एकटाच काय रे? किती दिवस?"

"तीन."

त्याने वळचणीखालच्या ओल्या मातीकडे बोट केलं. "इथं बूट दाब. नाय आलास तर माग काढायला बरा."

मी हसत पाय दाबला. कोंबड्या उकरतील म्हणून त्याने ठशावर टोपली पालथी घातली.

चौथ्या दिवशी मी परतलो, तेव्हा त्याने टोपली उचलून माझा ठसा पायाने पुसून टाकला. शेजारी आणखी एक टोपली पालथी होती, वाळवी लागलेली.

"ही कोणाची?"

"गेल्या साली एक पोरगा असाच एकटा गेला. त्याची आई येते अधूनमधून, टोपली उचलून बघते न् परत झाकते. तो ठसा पुसायची माझी छाती नाय होत."