दादाची ग्रिल

एक शेगडी घ्यायला माणसाला एवढा विचार का करावा लागतो, यार? दादाला कितीदा विचारलं, तो नुसता हसायचा. त्याला चिनीमातीची ती अंड्यासारखी कोळशाची ग्रिल हवी होती. पण गुरुग्रामची बाल्कनी लहान, मग दिल्लीचा धूर, मग हिरवी घेऊ की काळी? विचार करता करताच गेला.

दहाव्याला यमुनेकाठी कावळा पिंडाला शिवेना. काहीतरी इच्छा राहिली म्हणे. काका म्हणाले, "बायकोची काळजी करू नकोस." मामा म्हणाले, "पोरीला शिकवू." कावळा ढिम्म. गुरुजी घड्याळ बघायला लागले. माझं डोकंच फिरलं. ओरडलो, "अरे दादा, घेतो ती ग्रिल! आता तरी हो म्हण!"

कावळ्याने लगेच चोच मारली. मी ओल्या कपड्यांनीच फोन काढून ऑर्डर टाकली. हिरवी.