रक्ताले थांब म्हननारी सुई

माहं माहेर धनजचं अन् सासर कामरगावचं. सासरी आमची बागायत, वांगे, मेथी, सांबार म्हंजे कोथिंबीर, सकाळीच तोडायचं अन् जीपनं कारंज्याच्या बजारात न्यायचं, अन् तिथी मी अशी वरडायची का बाजूच्या बाया म्हनत, बाई, थोडी दमानं घे.

माही माय मी लहान होती तेव्हाच गेली. माह्या भावाच्या वेळचं तिचं बाळंतपन झालं, सुखरूप झालं बरं का, अन् मंग तिचा एक पाय सुजला, अन् एक दिवस चुलीपासून उठली, छातीले हात लावला, दम लागून राह्यला म्हने, अन् गेली. काहून गेली कोनाले समजलं नाई. कोनी म्हने नजर, कोनी म्हने बाहेरचं.

काय सांगू तुमाले भाऊ, लग्नानंतर माह्या दोन खेपा पोटातच गेल्या. लोक माह्या मालकाले म्हनत, दुसरी कर. ते म्हनत, तुमी आपलं घर पाहा. तिसऱ्यानं दिवस राह्यले अन् माहा डावा पाय भरला, पोटरी दगडावानी, हात लावू देईना. सासू म्हने, गरोदरपनात पाय सुजतेतच. मी म्हनलं, एकच सुजते काय? माह्या मायचाबी एकच सुजला होता. उठा, मले आत्ताच अकोल्याले न्या.

तिथल्या डॉक्टरीनबाईनं पायाची सोनोग्राफी केली. म्हने, शिरेत रक्ताची गुठळी झाली, ही सुटून छातीत गेली असती तं जीवावर बेतलं असतं. मंग इचारलं, घरात कोनाले असं झालं होतं काय. मी मायचं सांगतलं तं बाईनं सगळं लिहून घेतलं. मंग माहं रक्त तपासाले पाठवलं, अन् निघालं का दोष जन्माचाच हाये. बाईनं समजावलं का जखम झाली का रक्त गोठाले पायजे, पन काम झालं का शरीर त्याले थांब म्हनते, अन् तुह्या रक्तात गोठवनारा जो घटक हाये तो थांब म्हनलं तरी लवकर आयकत नाई, अन् गरोदरपनात तं आनखीनच जोर करते. हे मायबापाकडून येते, तुह्या मायकडून आलं असन.

मी तिथीच रडली. इतक्या वर्षांनी समजलं का मायले कोनाची नजर नोती लागली.

मंग रक्त गोठू नये म्हनून रोज पोटाच्या कातडीत सुई. माहे मालक सुई पाह्यली का तोंड फिरवत, तं मीच शिकली, चिमटीत कातडी धरायची अन् टोचायची. पोट निळंहिरवं झालं, पन एक दिवस चुकू देली नाई. अन् पोट्टी झाली भाऊ! अशी वरडली का सासू म्हने, हे तं मायच्या वरताण हाये. बाळंतपनानंतरबी बाईनं सुई बंद करू देली नाई, अन् मी आपल्या पायानं चालत घरी आली.

आता पोट्टी शाळेत जाते. भावाचंबी रक्त तपासून घेतलं. अन् मानोऱ्याची माही मावसबहीन, तिले दिवस राह्यले तं मी सोताच तिले घेऊन गेली, तिच्यातबी तोच दोष निघाला. सुईले भेत होती, पयली मीच टोचली. परवा तिले पोरगा झाला. मी पाहाले गेली तं बसून शिरा खाऊन राह्यली होती, लेकरू मांडीवर. मी दोघाईवरून हात फिरवला, म्हनलं, जगा बावा, लय जगा, मायलेकरं दोघंबी जगा.