गोदामाचे साहेब आणि ट्रेनिंगच्या मॅडम

दातांच्या दवाखान्यात माझ्या शेजारी एक गोदामप्रमुख आणि त्यांची मुलगी बसले होते. त्यांच्याच कंपनीत ती कॉम्प्युटरची नवी सिस्टीम बसवत होती.

"बाबा, ट्रेनिंगला आलात आणि मिठाची गुळणी धरून बसलात."

"दात दुखत होता."

"खरेदी, विक्री, हिशेब, सगळे विभाग शिकले. तुमचंच गोदाम अडलंय. सोमवारी जुनी सिस्टीम बंद होणार."

"माझ्या माणसांना समजलंय."

"काही समजलेलं नाही. तुम्ही विचारत नाही, म्हणून तेही विचारत नाहीत."

"पोटच्या पोरीला सगळ्यांसमोर म्हणू, मॅडम, कळलं नाही?"

"मॅडम नका म्हणू."

"मग?"

"घरी म्हणता तेच म्हणा."

"चिमे, आलेला माल परत पाठवायचा तर कुठे दाबायचं, ते कळलं नाही."

"उद्या असंच विचारा. जरा मोठ्याने."