पुरे, पाच!

अल्माटीत, भर बर्फात, बसच्या रांगेत माझ्यापुढे मायलेकी उभ्या होत्या. लेक बालनूर विद्यापीठात अमूर्त बीजगणिताची तोंडी परीक्षा देऊन आली होती. माझ्या कानांना रांगेत दुसरं काम नव्हतं.

"आई, पाचपैकी पाच!"

"अल्लाची मेहेर."

"मी उचललेली प्रश्नाची चिठ्ठी अवघड निघाली होती. सिद्धता निम्मी झाली आणि सर म्हणाले, पुरे, पाच! बाकीच्यांना तासभर पिळलं. ज्याला खरंच येतं, त्यालाच असं मध्ये थांबवतात. मी बीजगणितच शिकणार पुढे. बँकेतल्या नोकरीला नाही म्हणून काकांना कळव."

"थांबवणारच. सकाळी त्यांच्या घरी काझीची सॉसेजं देऊन आले. आपल्याच घोड्याच्या मांसाची, चांगली चरबीदार."

"काय?"

"अगं, सगळ्याच आया देतात. सरांच्या दारी रिकाम्या हाताने जायचं?"

"आणि त्यांनी घेतली?"

"आधी नको म्हणाले. मग वास आला."

"आई, उरलेली सिद्धता मला येत होती."

"येतच असणार."

"असणार नाही, येत होती! आता ती बरोबर होती का, हे कुणाला विचारू? आणि बँकेला काय सांगू?"

"मला सांग ना ती. रिकामीच उभी आहे."

"शेवटपर्यंत ऐकशील?"

"ऐकते की."

"बघ. गटातला एक घटक घे. त्याने उपगटातल्या प्रत्येकाला गुणायचं. असे जे संच होतात, ते एकमेकांत मिसळत नाहीत. का नाही? तर समज, दोन संचांत एक घटक सारखा निघाला..."

"पुरे, पुरे! छान येतंय गं तुला. चल, बस आली."