अर्धविरामावरून पटलेली ओळख

मी, वय ६१ वर्षे, धंदा मुद्रितशोधक, राहणार छापखान्यामागची गल्ली, दुसरा मजला, समक्ष विचारल्यावरून सांगतो की,

मी वरील ठिकाणी पत्नीसह राहण्यास आहे. आम्हाला मूलबाळ नाही. पत्नीची धाकटी बहीण, म्हणजे माझी मेहुणी, वय ४४, अविवाहित, आमच्याकडेच मागच्या खोलीत राहत होती. त्यांचे आईवडील वारले तेव्हा ती अकरा वर्षांची होती. शाळेच्या दाखल्यावर पालक म्हणून माझी सही आहे.

मी ३८ वर्षे एकाच छापखान्यात प्रुफे तपासतो. मेहुणी १९ व्या वर्षी माझ्या हाताखाली शिकायला आली आणि नऊ वर्षे माझ्या शेजारच्या टेबलावर होती. पुढे तिला सरकारी इस्पितळाच्या नोंदणी विभागात नोकरी लागली. ते टेबल अजून तिथेच आहे. त्यावर आता जुने गठ्ठे ठेवतात.

'शुद्धिपत्र' या समाजमाध्यमावरच्या खात्याबद्दल विचारता सांगतो की, हे खाते मला माहीत होते. माझा फोन साधा, बटणांचा आहे. पण छापखान्यातली मंडळी डबा खाताना मोठ्याने वाचून दाखवत आणि मीही हसत असे. त्यात रोज सरकारी निवेदनातले एकच वाक्य घेऊन त्याखाली दुरुस्ती दिलेली असे. या वर्षीच्या नियमाने प्रत्येक खात्याला ओळखपत्र जोडणे सक्तीचे झाले. टोपणनावाने लिहिणारी बहुतेक खाती पहिल्याच आठवड्यात गप्प झाली. हे मात्र बंद केले की दुसऱ्या दिवशी 'शुद्धिपत्र, दुसरी आवृत्ती' म्हणून पुन्हा सुरू होई. शेवटची आवृत्ती नववी होती. (लेखनिक 'शुद्धीपत्र' असे लिहीत होते. 'द्धि' ऱ्हस्व हवी असे मी सांगितल्यावरून त्यांनी वर दुरुस्ती केली आहे.)

दि. ४ रोजी सकाळी ११ च्या सुमारास मालक दोन माणसांना घेऊन प्रूफखोलीत आले. सरकारी लोक आहेत, भाषेबाबत सल्ला हवा आहे, असे म्हणाले. दोघे साध्या कपड्यांत होते. पोलीस असल्याचे त्यांनी सांगितले नाही, मी विचारले नाही. त्यांनी माझ्यापुढे त्या खात्यावरच्या मजकुराचे ४० छापील कागद ठेवले आणि लिहिणारा कसा असावा ते यावरून सांगता येईल का, असे विचारले.

मी जवळचा चष्मा लावला. कागद पाहून मी पुढील गोष्टी सांगितल्या. एक ते दहा आकडे अक्षरांत आहेत, पुढचे अंकांत. कुठलेही वाक्य अंकाने सुरू होत नाही. उद्गारचिन्ह एकदाही नाही. दोन वाक्ये जोडताना अर्धविराम दिला आहे, आणि तो हल्ली कोणी देत नाही. उदाहरण म्हणून मी त्यांना हे वाचून दाखवले: 'निवेदनात साथ आटोक्यात असे छापले आहे; तेथे मोजणे थांबवले आहे असे वाचावे.' ही शिस्त पुस्तकांतून येत नाही, ती आमच्या छापखान्याची आहे आणि ती मीच घालून दिली, असेही मी सांगितले. हे सांगण्यात माझी वीसेक मिनिटे गेली. दोघांपैकी एकजण सगळे वहीत उतरवून घेत होता. माझ्या कामाचे इतके लक्ष देऊन कोणी ऐकल्याला बरीच वर्षे झाली होती.

त्यावर दुसऱ्याने विचारले, "म्हणजे हा माणूस तुमच्याच हाताखाली तयार झालाय?"

मी होय म्हणालो.

त्या वेळी माझ्या मनात कोणाचे नाव आले का, असे विचारता सांगतो की, होय म्हटल्यानंतर आले.

त्यांनी माझ्याकडे शिकलेल्यांची यादी मागितली. मी सात नावे लिहून दिली. त्यांतले दोघे वारले आहेत, दोघे देश सोडून गेले आहेत. उरलेल्या तिघांत मेहुणी तिसरी. तिचे नाव मी गाळले नाही, कारण हजेरीची जुनी पुस्तके मालकांकडे होती आणि गाळलेले नाव लगेच नजरेत भरले असते. यादीत नातेसंबंध लिहिण्याचा रकाना नव्हता. जाताना त्यांनी माझ्याशी हात मिळवला.

दि. ४ ते ९ या काळात मेहुणीला याबाबत काही सांगितले का, असे विचारता सांगतो की, नाही. आम्ही तिघे रोज एकत्र जेवत होतो. दि. ६ रोजी तिने मला विचारले, "भावोजी, तब्येत बरी आहे ना? ताटात सगळं तसंच राहिलंय." मी पित्त झाल्याचे सांगितले. ते खाते तूच चालवतेस का, असे मी तिला विचारले नाही. विचारले असते तर तिने खरे सांगितले असते, आणि मग मला माहीत झाले असते. बाकीच्या दोघांपैकी कोणी असेल अशी मी मनाची समजूत घालत होतो. ते दोघेही मला मुलांसारखे आहेत.

दि. ९ रोजी दुपारी मेहुणीला इस्पितळाच्या नोंदणी विभागातून ताब्यात घेतले. त्याच दिवशी घराची झडती झाली. मागच्या खोलीतून एक फोन, इस्पितळातल्या मृत्यूनोंदींची हाताने केलेली टिपणे आणि एक शब्दकोश जप्त केला. तो शब्दकोश माझा आहे. बाकीच्या दोघांनाही त्याच दिवशी नेले होते. त्यांना तीन दिवसांनी सोडले. त्यांतल्या एकाला कामावरून काढले आहे. तो आमच्याच इमारतीत राहतो, त्याची बायको आता जिन्यात दिसली तर मान फिरवते.

दि. १० रोजी सकाळी मी आपण होऊन या ठाण्यात आलो आणि ते खाते माझे आहे, मजकूर मी लिहिला आहे, असे सांगितले. तपास अधिकाऱ्यांनी माझ्यापुढे एक फोन ठेवला आणि खाते उघडून दाखवा म्हणाले. मला फोनचे कुलूपही उघडता आले नाही. त्यांनी चहा मागवला. म्हणाले, "काका, घरी जा. तुमची आम्हाला फार मदत झालीय." माझे त्या दिवशीचे म्हणणे नोंदवून घेतलेले नाही. ते या जबाबात यावे असे मी सांगितले, म्हणून येथे लिहिले आहे.

दि. १७ रोजी पत्नी आणि मी कपड्यांची पिशवी घेऊन भेटीला गेलो. पत्नी दुसऱ्या खिडकीवर अर्ज भरत होती, तेवढ्यात मेहुणीला जाळीपलीकडे आणले. पत्नी येईपर्यंत आम्हाला दोनएक मिनिटे मिळाली. तिने माझ्याकडे पाहिले आणि म्हणाली, "अर्धविरामावरून ना?"

मी पिशवी दुसऱ्या हातात घेतली.

ती म्हणाली, "मला वाटलंच होतं. दुसऱ्या कोणाला दिसलाच नसता." मग म्हणाली, "ताईला सांगू नका. तिला तुम्ही दोघं लागता, मी आता घरात नाही." एवढ्यात पत्नी आली आणि त्या दोघी कपड्यांविषयी बोलू लागल्या. पिशवीत लोकरीचा स्वेटर होता. पहारेकऱ्यांनी तो परत केला.

मेहुणीने मजकूर लिहिताना कोणाची चिथावणी होती का, असे विचारता सांगतो की, मला माहीत नाही. त्या मजकुरातले आकडे खोटे होते का, असे विचारता सांगतो की, तिने नऊ वर्षे माझ्या हाताखाली काम केले आणि त्या काळात तिच्या हातून आकड्याची एकही चूक सुटली नाही. यावर लेखनिकांनी विचारले की हे लिहायचे का. तपास अधिकारी म्हणाले, 'लिहा, त्याने काही फरक पडत नाही.'

दि. ४ च्या प्रकाराबद्दल मी पत्नीला आजपर्यंत काही सांगितलेले नाही. पोलिसांना कोणी सांगितले असेल, हे ती रोज विचारते आणि स्वतःच एकेकाचे नाव घेते. गेल्या आठवड्यापासून तिने शेजारणीशी बोलणे टाकले आहे.

या जबाबाचे पुढे काय होते, असे मी विचारले. दोषारोपाच्या कागदांना तो जोडला जाईल आणि एक प्रत आरोपीच्या जवळच्या नातेवाइकास टपालाने घरी जाईल, असे मला सांगण्यात आले. जवळची नातेवाईक म्हणून माझ्या पत्नीची नोंद आहे. प्रत माझ्या हाती द्यावी, अशी मी विनंती केली. तसे करता येत नाही, असे समजले.

हा जबाब लेखनिकांनी मला मोठ्याने वाचून दाखवला, नंतर मी स्वतः चष्मा लावून वाचला. मी बोललो तसाच तो उतरला आहे. काही काढायचे वा घालायचे आहे का, असे विचारता नाही म्हणालो, म्हणून खाली सही करतो.