बादली कुठल्या पाण्याची

इथे जमलेल्या सगळ्यांना नमस्कार.

मला कितपत बोलता येईल, ठाऊक नाही. हे जाऊन नऊ दिवस झाले, रडूही आलेलं नाही. म्हणून बोलून घेते. थोडक्यात.

माझे यजमान मधुकर. तुम्हाला ते रोह्याच्या कंपनीतले फिटर म्हणून माहीत आहेत. तीस वर्षं पेणहून रोह्याला शिफ्ट केल्या. निवृत्त झाले आणि दुसऱ्याच महिन्यात माझ्या सासऱ्यांची जुनी स्कूटर पडवीत आणून उभी केली. सासरे मिठागरावर मुकादम होते. ते गेल्यावर पंधरा वर्षं ती खाडीकाठच्या गोठ्यात पडून होती. पत्र्याला बोट लावलं की बोट आरपार जायचं.

मी म्हटलं, "हे भंगार माझ्या पडवीत नको."

ते म्हणाले, "भंगार नाय. बाबांची गाडी हाय."

माझ्या नणंदबाई रोह्याहून आल्या आहेत. वन्सं, तुम्ही याच स्कूटरवर बाबांच्या मागे बसून दहावीच्या परीक्षेला गेला होतात. यांनी तुम्हाला शब्द दिला होता. गाडी झाली की रोह्याला येईन आणि तुला मागे बसवून पेणला आणीन. दर रविवारी तुमचा फोन. "काय गो, झाली का गाडी, का खरवडतोयच अजून?" मी म्हणायचे, "खरवडतायत."

आता एक गोष्ट सांगायची आहे. तेवढ्यासाठीच उभी राहिले.

आमच्या घरी एक नियम आहे. नळाचं पाणी पिण्याला, विहिरीचं बाकी सगळ्याला. नळ एक दिवसाआड येतो. विहीर खाडीजवळची, पाणी खारट. नियम माझा. हे मात्र पत्रा घासून झाला की नळाच्या पाण्याने धुवायचे. मी ओरडायचे, "माणसांना प्यायला पुरत नाही आणि गाडीला आंघोळ?" ते हसायचे. "तिला खारं चालत नाय गो."

गेल्या वर्षी उन्हाळ्यात एका सकाळी त्यांची बादली मी विहिरीवर भरली. पुढेही तिथेच भरत राहिले. सांगितलं नाही.

गणपतीच्या कारखान्यातले नाना मेस्त्री मागे बसले आहेत. ज्या मशीनने देवांना रंग मारतात, त्याच मशीनने त्यांनी स्कूटर रंगवली. पीतांबराचा पिवळा. सुंदर झाली होती. मी तसं म्हटलं नाही. पाऊस सरता सरता रंगाला फोड आले. फोडांखाली गंज.

नाना म्हणाले, "मधुभाऊ, हाच रंग देवाला बसतो, हिलाच का नाय बसत?"

हे म्हणाले, "तुझा दोष नाय. माझीच घाई झाली. पत्रा ओला होता."

पत्रा ओला नव्हता. दोन दिवस उन्हात होता. मी पाहिला होता.

सगळा रंग त्यांनी पुन्हा खरवडला. धुवायला बसले, बादलीत बोट बुडवलं आणि जिभेला लावलं. माझ्याकडे पाहिलं. मी तांदूळ निवडत होते. निवडत राहिले. त्यांनी ती बादली अळवात ओतली आणि नळाच्या पिंपाकडे गेले. त्या दिवसापासून बादली स्वतः भरली. मला एक शब्द बोलले नाहीत. तुमच्यापैकी कोणाला काही बोलले का? नाही ना?

पुन्हा पहिल्यापासून सुरुवात. त्यात वर्ष गेलं. आणि गेल्या आठवड्यात चहाचा कप खाली ठेवला आणि तिथेच, स्कूटरशेजारी, बसल्या जागी गेले.

नाना, तुमच्या रंगाचा दोष नव्हता. यांची घाईही नव्हती. वन्सं, तुम्ही त्या गाडीवर यांच्या मागे बसला नाहीत, ते माझ्यामुळे.

मला कोणी समजावू नका. ऐकलंत, तेवढं पुरे.

नाना, तेरावं झालं की या. शेवटचा पत्रा धुवायचा राहिलाय. तो मी धुते, रंग तुम्ही मारा. मग वन्संना मागे बसवून रोह्याला पोहोचवा. वन्सं, तोवर तुम्ही आमच्याकडेच राहायचं.

आता दोन मिनिटं सगळे उभे राहू या. कोणी काही बोलू नका.

अहो, तुमची बादली भरून ठेवली आहे. नळाची. मी चाखून पाहिली.